तापलेल्या पोलादाचा हिशेब

चंडीगडहून रोपड आणि आनंदपूर साहिब ओलांडून सतलजच्या काठाने वर जात राहिले की शंभरेक किलोमीटरवर नांगल लागते. थोडे पुढे भाक्राचे धरण आहे. त्या धरणाच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात पाण्याचे विद्युत अपघटन होत असे आणि त्यातून निघणाऱ्या हायड्रोजनच्या आधारावर १९६२ साली भारतातला पहिला जड पाण्याचा कारखाना तिथे सुरू झाला. त्याची पद्धत आजही वाचताना थक्क करते. हायड्रोजन उणे अडीचशे अंशांच्या आसपास थंड करायचा, द्रवरूप करायचा आणि त्याचे ऊर्ध्वपातन करून ड्यूटेरियमचा अंश वेगळा काढायचा. साधा हायड्रोजन आणि ड्यूटेरियमचा एक अणू असलेला हायड्रोजन यांच्या उत्कलनबिंदूंत दोन अंशांचाही फरक नाही. जूनमध्ये बाहेर सावलीतला पारा चव्वेचाळीसवर आणि काही हातांच्या अंतरावर, निर्वाताच्या आणि उष्णतारोधकाच्या आड, उणे अडीचशेचा स्तंभ!

रसायन अभियंत्याला या वर्णनात ऊर्ध्वपातन दिसते. यंत्र अभियंत्याच्या मनात मात्र आधी दुसराच प्रश्न उभा राहतो: त्या स्तंभाचा धातू थंड होताना किती आखडला असेल? स्टेनलेस स्टील खोलीच्या तापमानापासून द्रव हायड्रोजनच्या तापमानापर्यंत नेले तर दर मीटरला सुमारे ३ मिलिमीटर आखडते. दहा मीटरच्या स्तंभाला ३० मिलिमीटर. तो स्तंभ खाली आधाराला, वर नळ्यांना, मध्ये नोझलना जोडलेला आहे आणि या सगळ्यांचे दुसरे टोक गरम जगात आहे. आखडणारा भाग कोणाला ओढतो आणि कोण त्याला अडवतो, या ओढाताणीचा हिशेब म्हणजे या पुस्तकाचा विषय.

नांगलचे उदाहरण आरंभी घेण्याला आणखी एक कारण आहे. हा हिशेब शिकवताना तापमान वाढण्याचीच उदाहरणे देण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. आकुंचनाकडे दुर्लक्ष होते. शिवाय हाताशी असलेला प्रसरणांक डोळे मिटून वापरण्याची सवय लागते. स्टेनलेस स्टीलचा खोलीच्या तापमानाचा प्रसरणांक घेऊन वरचा हिशेब केला तर उत्तर मीटरला साडेचार मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे खऱ्याच्या दीडपट. कारण तापमान उतरते तसा प्रसरणांकही उतरत जातो आणि निरपेक्ष शून्याजवळ जवळपास नाहीसा होतो. उलट्या टोकाला, चारशे-पाचशे अंशांवर, तो पुस्तकी आकड्याहून बराच मोठा असतो. म्हणून पहिल्याच प्रकरणात प्रसरणांकाचा एक आकडा न देता तापमानानुसार तक्ता दिला आहे आणि वाचकाने तो तक्ता टाळून पुढे जाऊ नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तापमानाने धातूत ताण उत्पन्न होतो असे आपण बोलून जातो. तसे होत नाही. सुटे लोखंड हवे तेवढे सारखे तापवा, ते वाढेल आणि त्यात ताणाचा लवलेश नसेल. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणाऱ्या लोहाराला हे नीट ठाऊक असते. दीड मीटर व्यासाची धाव चारशे अंशांनी तापली की तिचा घेर दोन सेंटीमीटरहून अधिक वाढतो आणि ती लाकडी चाकावर सहज बसते. तोवर तिच्यात काही ताण नाही. पाणी ओतल्यावर ती आखडू पाहते, लाकूड तिला आखडू देत नाही, आणि त्या क्षणी ताण जन्माला येतो. तापमान हे निमित्त, अडवणूक हे कारण. कारखान्यातल्या कुठल्याही पात्राचा उष्णताजन्य ताण काढायला बसताना पहिला प्रश्न ‘किती तापले?’ असा असू नये. ‘कोणी अडवले?’ असा असावा. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हेच एक सूत्र धरून चाललो आहे.

पूर्ण अडवणूक असेल तर ताणाचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. यंगचा गुणांक, प्रसरणांक आणि तापमानातला फरक या तिघांचा गुणाकार. साध्या कार्बन पोलादाला दर अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल. शंभर अंशांना २४० मेगापास्कल, आणि साधे पोलाद तर अडीचशेच्या आसपास कायमचे वाकू लागते! या गुणाकारात काय नाही तेही पाहा. त्यात लांबी नाही, जाडीही नाही. दाबाने येणारा ताण जास्त वाटला की आपण पत्रा जाड घेतो आणि ताण उतरतो. ही सवय हाडीमांसी खिळलेली असते. उष्णताजन्य ताणापुढे ती सवय निरुपयोगी आहे. दोन्ही टोकांना घट्ट अडवलेली नळी दुप्पट जाड केली तर ताण तेवढाच राहतो आणि टोकांवरचा रेटा मात्र दुप्पट होतो.

एक नेहमीचे उदाहरण आकड्यांसह घेऊ. दोन्ही ट्यूबशीट, म्हणजे ट्यूबची टोके धरणाऱ्या तबकड्या, शेलला वेल्ड केलेला, म्हणजे फिक्स्ड ट्यूबशीटचा, उष्णता विनिमयक. शेल कार्बन पोलादाचे, आतला व्यास ५०० मिलिमीटर, जाडी ८. आत स्टेनलेस स्टीलच्या २०० ट्यूब, बाहेरचा व्यास १९.०५ मिलिमीटर, जाडी १.६५. लांबी पाच मीटर. जोडणी वीस अंशांवर झाली. चालू स्थितीत ट्यूब दीडशे अंशांवर, शेल चाळीसवर. सुट्या असत्या तर ट्यूब शेलपेक्षा साडेनऊ मिलिमीटर जास्त वाढल्या असत्या. पण दोघांची टोके एकाच ट्यूबशीटमध्ये अडकली आहेत. तेव्हा ट्यूब दाबल्या जातात, शेल ताणले जाते आणि दोघे कुठेतरी मध्ये एकमेकांशी जुळवून घेतात. ट्यूबशीट अजिबात वाकत नाही असे धरले तर दोघांमधला रेटा निघतो सुमारे २,८०० किलोन्यूटन. वजनाच्या भाषेत जवळजवळ २८५ टन. शेलमधला ताण २१८ मेगापास्कल, ट्यूबमधला दाब-ताण १५५. आणि यात अजून आतला दाब धरलेलाच नाही! प्रत्येक ट्यूबच्या जोडावर १.४ टनांचा भार येतो आणि ट्यूब सडपातळ असल्याने बॅफलच्या आधारांमध्ये ती बाजूला वाकण्याचा धोका वेगळाच. साडेनऊ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीपेक्षाही कमी अंतर. एवढ्याशा अंतरापायी अडीचशेहून अधिक टनांचा रेटा उभा राहतो, हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने कागदावर काढले तो पुढे कधीही फिक्स्ड ट्यूबशीटचा आराखडा तापमाने न विचारता करणार नाही. म्हणूनच हे गणित दुसऱ्या प्रकरणात सावकाश, पायरीपायरीने सोडवून दाखवले आहे. संगणकाला हात लावण्याआधी ते करावे.

या रेट्यातून सुटण्याचे मार्ग अनेक आहेत: ट्यूब वळवून यू आकाराच्या करणे, एक टोक तरंगते ठेवणे, शेलमध्ये बेलोज, म्हणजे घड्यांचा लवचिक भाग, घालणे. सगळ्यांचा अर्थ एकच, अडवणूक काढून घेणे. आडव्या पात्राच्या एका सॅडलच्या बोल्टांना लांबट भोके ठेवतात तीही याचसाठी. त्या सरकत्या सॅडलखाली सिमेंटचा ग्राउट भरून किंवा नट आवळून टाकून बांधकामवाले ती मोकळीक परत हिरावून घेतात, आणि आराखडा करणाऱ्याने कागदावर सोडवलेला प्रश्न जागेवर पुन्हा उभा राहतो. शंभर मीटर सरळ धावणारी वाफेची लाइन वीस अंशांवरून एकशे ऐंशीवर गेली की १९ सेंटीमीटर वाढते. ती वाढ वळणांनी, लूपांनी सामावून घ्यावी लागते, नाहीतर टोकाचे नोझल ती सामावून घेते.

मात्र मोकळीक फुकट मिळत नाही. बेलोज लवचिक असतो कारण तो पातळ असतो. आतल्या दाबाने तो स्वतःच उघडत जाऊ पाहतो आणि तो रेटा कोणीतरी धरून ठेवावा लागतो. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो येथे १९७४ साली सायक्लोहेक्झेनच्या ओळीतला एक रिअॅक्टर तडा गेल्याने काढला गेला आणि त्याच्या जागी शेजारच्या दोन रिअॅक्टरांच्या २८ इंची बेलोजांमध्ये २० इंची वाकडी नळी बसवली. आराखडा म्हणाल तर कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेला. दोन टोके एका रेषेत नसल्याने बेलोजांचा रेटा त्या नळीला मुरडत होता, आणि त्या मुरडण्याचा हिशेब कोणी केला नाही. १ जून रोजी ती नळी निसटली, वायूचा ढग पेटला आणि २८ माणसे गेली. तिथल्या चौकशीचा अहवाल आमच्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने वाचलाच पाहिजे असे मला वाटते.

आतापर्यंत पात्राचे दोन भाग एकमेकांना अडवत होते. पण एकाच पत्र्याचा आतला थर बाहेरच्या थराला अडवतो तेव्हा गोष्ट अधिक अवघड होते. जाड भिंतीचे पात्र आतून तापू लागले की आतला थर वाढू पाहतो, बाहेरचा अजून थंड असतो. ताशी ५० अंश या वेगाने तापवले आणि बाहेरून लेप पक्का असला, तर १०० मिलिमीटर जाडीच्या कार्बन पोलादात आतबाहेरचा फरक सुमारे ६ अंश राहतो. जाडी २०० केली तर सुमारे २३. जाडी दुप्पट, फरक चौपट. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता संथ जाते, म्हणून तिथे हे आकडे जवळजवळ तिप्पट होतात आणि वर त्याचा प्रसरणांकही मोठा. दाबासाठी केलेली जाडी इथे शत्रू ठरते. पात्र वाचवायचा मार्ग घड्याळातून जातो: सावकाश तापवा, सावकाश निववा. उत्पादन सुरू करण्याची घाई झालेल्या रात्री हे ऐकून घेणारा माणूस मिळत नाही, म्हणून तापवण्याच्या वेगाची मर्यादा आराखड्याच्या कागदावर आकड्यात लिहिलेली असावी. ती का आहे हेही दोन ओळींत लिहावे.

चंडीगडच्या आसपास डेराबस्सी, लालडू, बद्दी या पट्ट्यात औषधांचे आणि त्यांच्या कच्च्या मालाचे असंख्य कारखाने आहेत. या पट्ट्याने मला काचेचे अस्तर असलेल्या रिअॅक्टरबद्दल आदराने विचार करायला लावले. पोलादी पात्राच्या आतून काचेची भुकटी फवारून ते आठशे अंशांच्या पुढे भाजतात. असे अनेक थर चढून मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे अस्तर तयार होते. थंड होताना पोलाद काचेपेक्षा जास्त आखडते, त्यामुळे काच कायमची दाबली जाते. काच ताण सोसत नाही, दाब मात्र भरपूर सोसते; म्हणजे इथे उष्णताजन्य ताण मुद्दाम निर्माण करून त्याच्या जोरावर काच जगवली जाते. लोहाराच्या धावेचेच हे भावंड. पात्र गरम असताना तो दाब सैल झालेला असतो. अशा वेळी आत एकदम थंड पाणी पडले तर काचेचा पृष्ठभाग आखडू पाहतो, खालचे गरम पोलाद त्याला आखडू देत नाही, आणि टवका उडतो. उलट, थंड पात्राच्या जॅकेटमध्ये एकदम वाफ सोडली तर पोलाद आधी वाढते आणि काचेला ओढते. दोन्ही वाटा घातक. म्हणून निर्मात्याचा तापमान-धक्क्याचा तक्ता पात्राशेजारी भिंतीवर लावलेला असतो.

तो तक्ता वाचताना इथला हिवाळा विसरून चालत नाही. मुंबईच्या आसपास धुण्याचे पाणी वर्षभर पंचवीस-तीस अंशांच्या घरात असते. चंडीगडकडे जानेवारीच्या धुक्यात छतावरच्या टाकीतले पाणी दहा अंशांपर्यंत उतरते. एकशे वीस अंशांवरून निवत असलेल्या त्याच पात्रात, त्याच कृतीने, त्याच कामगाराने सोडलेले पाणी जूनमध्ये निर्धोक असेल आणि जानेवारीत वीस अंशांनी जास्त धक्का देईल. पाताळगंगेसारख्या कोकणातल्या ठिकाणच्या कारखान्यात लिहिलेली कार्यपद्धती जशीच्या तशी इकडे आणताना हा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही. स्थानिक हवामानाचा तक्ता ही उष्णताजन्य ताणाच्या हिशेबातली मूळ नोंद आहे, हे मी इथेच शिकलो.

आता एकदा आलेला ताण आणि पुन्हा पुन्हा येणारा ताण यांचा फरक. उष्णताजन्य ताणाचा एक दिलासा असा की तो स्वतःची मर्यादा जाणतो. धातू थोडा वाकला, लांबला, की अडवणूक ढिली होते आणि ताण तिथेच थांबतो. दाबाचा ताण असा थांबत नाही. धातू वाकला तरी दाब मागे उभाच असतो. म्हणून दाबपात्रांच्या संहितांनी उष्णताजन्य ताणाला दुय्यम वर्गात घातले आणि त्याला जास्त मोकळी मर्यादा दिली, साधारणपणे धातूच्या नमनबिंदूच्या दुप्पट. ही सूट वाचून काही जण निर्धास्त होतात. तसे होऊ नये. तापताना लांबलेला भाग निवताना उलट दिशेने ताणला जातो आणि प्रत्येक फेरीत थोडी झीज होते. १९५०च्या दशकात अमेरिकेत कॉफिन आणि मॅन्सन यांनी स्वतंत्रपणे या झिजेचा नियम मांडला. दाब आणि तापमानाच्या फेऱ्या एकत्र आल्या तर पात्र दर फेरीला थोडे फुगत जाऊ शकते, त्याची हद्द ब्री यांनी १९६७ साली आखून दाखवली.

याचे जिवंत उदाहरण पाहायचे असेल तर दिल्लीच्या रस्त्याला पानिपत आहे. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात कोकिंगचे युनिट आहे. कोक ड्रममध्ये साडेचारशे अंशांच्या आगेमागे तापलेला जड अवशेष भरतो, त्याचा कोक होतो, मग त्यावर पाणी सोडून तो निववतात, कापून काढतात आणि पुन्हा भरतात. हे चक्र दिवसाच्या हिशेबात फिरते. वर्षाला शेकडो फेऱ्या! जगभरच्या कोक ड्रमांची दुखणी सारखीच आहेत: शेल जागोजागी फुगणे, आडव्या वेल्डांना भेगा, आणि स्कर्ट, म्हणजे ड्रमचा खालचा आधार, जिथे शेलला मिळतो त्या कोपऱ्यात भेगा. त्या कोपऱ्याचे कारण सोपे आहे. वरचे शेल तापलेल्या अवशेषाच्या तापमानापासून पाण्याच्या तापमानापर्यंत धावते, खालचा स्कर्ट मात्र आपल्या गतीने मागून येतो. त्या सांध्याला तिसरे प्रकरण जवळजवळ पूर्ण दिले आहे. प्रमाणाबाहेर वाटेल, पण साखर कारखान्याच्या बाष्पकापासून बॉयलरच्या ड्रमपर्यंत जिथे गरम भाग थंड आधारावर उभा आहे तिथे हाच सांधा वेगळ्या वेषात भेटतो.

एका दुर्घटनेवर मात्र थांबावेच लागेल. २५ सप्टेंबर १९९८. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला लाँगफोर्डचा वायू कारखाना. गरम तेलाचा प्रवाह काही तास बंद पडला. एरवी शंभर अंशांच्या घरात चालणारा एक विनिमयक थंड द्रवाने उणे ४८ पर्यंत उतरला. त्याचे पोलाद त्या तापमानासाठी निवडलेलेच नव्हते. इतक्या थंडीत ते ठिसूळ होते. मग गरम तेल परत सुरू झाले. एका बाजूने गोठलेला, ठिसूळ धातू आणि दुसऱ्या बाजूने उष्णतेचा लोंढा. पात्र फुटले. दोन माणसे मेली, आठ जखमी झाली आणि सगळ्या राज्याचा वायूपुरवठा जवळजवळ तीन आठवडे बंद राहिला. चालू स्थितीसाठी त्या पात्राचा हिशेब बरोबरच होता. चुकले होते ते असे की चालू स्थिती सोडून दुसरीकडे कोणी पाहिले नव्हते. पंप थांबला तर? थंड द्रव येतच राहिला तर? मग घाईने गरम सुरू केले तर? उष्णताजन्य ताणाचा सर्वांत वाईट क्षण बहुधा सुरू करताना, बंद करताना किंवा बिघाडात येतो. तापमानांची यादी मागताना प्रक्रिया विभागाकडून फक्त ‘ऑपरेटिंग’ आणि ‘डिझाइन’ असे दोन रकाने येत असतील, तर तो कागद परत पाठवण्याचा अधिकार आराखडा करणाऱ्याला आहे असे मी मानतो.

संगणकाबद्दल थोडेच लिहितो. चंडीगडसारख्या शहरात, जिथे १९५३ पासून पंजाब इंजिनीअरिंग कॉलेज आहे आणि १९५८ पासून पंजाब विद्यापीठाचा रसायन अभियांत्रिकी विभाग आहे, तिथे विद्यार्थ्यांना सान्त घटक पद्धतीची आज्ञावली लवकर हाती मिळते. ती अवश्य शिकावी. पण पडद्यावरच्या लाल-पिवळ्या चित्राची खात्री त्यात भरलेल्या उष्णता-संक्रमण गुणांकाइतकीच असते, आणि उकळत्या द्रवाचा किंवा सांडणाऱ्या पाण्याचा तो गुणांक वीस-तीस टक्क्यांनी इकडेतिकडे होणे अगदी नेहमीचे आहे. जाळी बारीक करून ती अनिश्चितता जात नाही. आधारांचे वर्तन चुकीचे धरले तर चित्र सुंदर येते आणि उत्तर संपूर्ण चुकते. म्हणून प्रत्येक संगणकी उदाहरणाआधी हातचा अंदाज दिला आहे. दोन्ही एकमेकांच्या जवळ नसतील तर संगणकाचे उत्तर बाजूला ठेवून अडवणूक पुन्हा तपासावी.

मराठीत हे पुस्तक का, असे मला विचारले गेले. एम. व्ही. जोशी यांचे प्रक्रिया उपकरणांच्या आराखड्यावरचे इंग्रजी पुस्तक, पुढे महाजनी आणि उमरजी यांनी अद्ययावत केलेले, देशभरच्या रसायन अभियंत्यांच्या टेबलावर आहे, माझ्याही आहे. त्याची जागा घेण्याचा विचारही नाही. पण कुरकुंभला, लोट्याला, तारापूरला पात्र उभारणारा फिटर, वेल्डर, पर्यवेक्षक आपसात मराठीत बोलतो, आणि सरकता सॅडल आवळायचा की नाही हे शेवटी तोच ठरवतो. त्याला या हिशेबाचे कारण कळले तर आराखडा करणाऱ्याचे अर्धे काम जागेवर सुरक्षित राहते. पहिली चार प्रकरणे त्याला वाचता येतील अशी लिहिली आहेत, तिथे गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचे गणित नाही. पाचव्यापासून अवकलन लागते. दुआमेल यांनी १८३०च्या दशकात मांडलेली समीकरणे तिथे येतात.

पोलाद चारशे अंशांच्या वर दीर्घकाळ भार सोसू लागले की ते हळूहळू सरकत जाते आणि वर सांगितलेले बरेच नियम बदलतात. तो विषय या पुस्तकात घेतलेला नाही. सुधारकाच्या नळ्या, भट्टीचे कॉइल, अतितप्त वाफेच्या मुख्य लाइनी यांच्यावर काम करणाऱ्यांनी इथले आकडे तिथे लावू नयेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या उदाहरणांत तापमान त्या मर्यादेच्या खालीच ठेवले आहे.